कडक लाँड्रीच्या मालकांचं पित्त

आमच्या लाँड्रीच्या पाटीवर खरं तर दुसरंच नाव आहे, पण गिऱ्हाइकं तिला 'कडक लाँड्री' म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, इस्त्री कडक असेल. इस्त्री कडक असतेच, पण नाव पडलं ते बाबांवरून.

बाबा डाग काढण्यात वाकबगार. शाई, गंज, रक्त, वंगण, काहीही आणा. कापड खिडकीच्या उजेडात धरायचे, अंगठ्याने चाचपायचे, वास घ्यायचे आणि डाग कशाचा, किती दिवसांचा, हे सांगायचे. मग ओरडायला लागायचे. डागावर नाही, माणसावर.

"घासलंत ना घरी? गरम पाण्यात घातलंत ना? अहो, साधा डाग होता तो. त्याला पार बिघडवून आणलंत माझ्याकडे!"

गिऱ्हाईक मान खाली घालून ऐकून घ्यायचं, कारण चार दिवसांनी कपडा नव्यासारखा मिळायचा. काउंटरवर मी बसते. बाबांचं ओरडून झालं की हळू आवाजात "गुरुवारी या" म्हणून पावती फाडायची, हे माझं काम. आम्ही लाँड्रीच्या वरच राहतो. आवाज जिन्यातून वर गेला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "खवळलं पित्त."

हे बोलून बोलून आमच्या घरात सगळ्यांची खात्रीच झाली होती की बाबांच्या पोटात पित्त नावाचं काहीतरी आहे आणि ते दिवसातून पाच-सहा वेळा खवळतं. छातीत जळजळलं तरी पित्तच, डोकं दुखलं तरी पित्तच, आणि शर्टाच्या कॉलरवर मेणबत्तीचं मेण दिसलं तरी पित्तच.

एका रविवारी एका हॉटेलच्या मॅनेजरने बाबांना दुपारी जेवायला बोलावलं. त्या हॉटेलचे टेबलक्लॉथ आणि रुमाल वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात, म्हणून हे आमंत्रण. सगळे पदार्थ लोण्यात आणि सायीत न्हालेले. बाबांनी मनापासून आडवा हात मारला. चारच्या सुमाराला ते दुकानात येऊन बसले. एक बाई रेशमी ओढणी घेऊन आली होती. तिने तेलाच्या डागावर टूथपेस्ट चोळली होती. बाबांनी श्वास भरून घेतला, "टूथपेस्ट काय—" म्हणाले आणि थांबले.

बाईला वाटलं, पुढचं वाक्य शोधतायत. ती बिचारी वाट बघत उभी राहिली. पण बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. उजव्या बरगडीखाली हात दाबून ते खुर्चीत वाकले. कळ पाठीतून थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत जात होती.

"पित्त झालंय," ते कण्हत म्हणाले. "थंड दूध आण."

आईने पेलाभर दूध आणलं, मलईसकट. ते पोटात गेल्यावर अर्ध्या तासात कळ दुप्पट झाली. मग रिक्षा, मग दवाखाना, मग पोटावर थंडगार जेल फासून सोनोग्राफी. पित्ताशयात खडे निघाले, एकोणीस. आठवडाभराने ऑपरेशन ठरलं. खड्यांसकट अख्खं पित्ताशयच काढायचं होतं.

ही बातमी कळल्याबरोबर मामा बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. औषधांच्या कारखान्यात खोकी बंद करायच्या खात्यात त्याची नोकरी झाली आणि तेवढ्या जोरावर तो वैद्यकशास्त्रावर अधिकाराने बोलतो.

"ताई, तुझं नशीब उघडलं," तो आईला म्हणाला. "पित्ताची पिशवीच काढणार म्हटल्यावर पित्त राहणार कुठे? आणि पित्त नाही तर राग नाही. भाऊजी आता गाय होणार गाय!"

आईने त्याला गप्प बसवलं, पण मी तिचा चेहरा पाहिला. तिला ती कल्पना मनातून आवडली होती.

ऑपरेशन सुरळीत झालं. चार बारीक भोकं, तीन दिवस दवाखान्यात, आणि एका छोट्या बाटलीत ते एकोणीस खडे. मामाने ती बाटली काउंटरवर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. तपकिरी, गुळगुळीत, कडा झिजलेले खडे होते. आमच्याकडे तुटलेल्या बटणांचीही बरणी असते. एका आजोबांनी बाटलीतला एक खडा आपल्या कोटाला लावून बघितला आणि म्हणाले, "रंग जुळतोय, पण याला भोकं कुठायत?" मी ती बाटली उचलून आत ठेवली.

बाबा घरी आले ते अगदी मवाळ होऊन. टाक्यांमुळे त्यांना हसताही येत नव्हतं, मग ओरडणं तर दूरच. पण मामाने सगळ्यांकडे बघून डोळे मिचकावले. "बघा! सुरुवात झाली."

टाके काढायच्या दिवशी ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. त्यांच्या मदतनीस डॉक्टरांनी टाके काढले आणि खाण्यापिण्याच्या सूचनांचा एक कागद दिला. तो मामाने ताब्यात घेतला. घरी येऊन त्याने जाहीर केलं की पित्त नसल्यामुळे भाऊजींना तेल, तूप, लोणी, साय, अंडं यातलं काहीही आता जन्मभर पचणार नाही. आईने डोळ्यांना पदर लावला आणि दुधी उकडायला ठेवला.

पंधरा दिवस गेले. जखमा भरल्या, दुखणं थांबलं, बाबा दुकानात येऊन बसू लागले. आणि तरीही ओरडले नाहीत.

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकेकाने चाचपून बघायला सुरुवात केली. आमचे इस्त्रीकाका सव्वीस वर्षं आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, "मालक, इस्त्रीच्या टेबलापाशी रेडिओ लावला तर चालेल का?" हाच प्रश्न त्यांनी पूर्वी एकदा विचारला होता, तेव्हा बाबांचा आवाज रस्त्यापलीकडच्या पोस्टात ऐकू गेला होता. या वेळी बाबा म्हणाले, "लावा की."

आईने स्वयंपाकघराला केशरी रंग लावून घेतला. बाबांना केशरी रंग डोळ्यांसमोर नको असतो. जेवताना भिंतीकडे बघत ते म्हणाले, "छान आहे. ऊन पडल्यासारखं वाटतं." मामा बाबांच्या आरामखुर्चीत ठाण मांडून बसला आणि बाबा स्टुलावर. गिऱ्हाइकांमध्येही हा हा म्हणता बातमी पसरली. घासलेले, जाळलेले, ब्लीच ओतलेले कपडे घेऊन लोक हसतमुखाने यायला लागले. जी बाई टूथपेस्ट लावून आली होती, तिने आता दुसऱ्या ओढणीला शाम्पू आणि मीठ लावून आणलं.

"प्रयत्न चांगला होता," बाबा तिला म्हणाले.

एका दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"बरंच आहे म्हणायचं. राग येत नाही आता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आला तरी ठेवणार कुठे? पिशवीच नाही."

मामाचं बोलणं त्यांनाही पटलं होतं! उकडलेल्या दुधीवर त्यांचे गाल बसले होते, पँट कमरेवर राहत नव्हती. डाग बघतानाही कापड उजेडात धरायचे, वास घ्यायचे आणि न बोलता टोपलीत टाकायचे.

महिना उलटला तशी या गोडव्याची फळं दिसू लागली. हॉटेलचा मॅनेजर साठ टेबलक्लॉथ घेऊन आला. मोठी मेजवानी झाली होती, रस्सा आणि लोणी यांचे थर बसले होते, आणि त्याच्या माणसांनी ते हॉटेलातच उकळत्या पाण्यात बुचकळून, वाळवून, वर इस्त्रीसुद्धा फिरवली होती. म्हणजे डाग कापडात शिजून पक्का झालेला. पूर्वीचे बाबा असते तर मॅनेजर गठ्ठ्यासकट रस्त्यावर गेला असता.

"ठेवा. पुढच्या महिन्यापर्यंत बघू," बाबा म्हणाले.

मॅनेजर गेल्यावर इस्त्रीकाकांनी गठ्ठा उघडून बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "मालक, हे निघायचं नाही."

"नाही निघालं तर नाही निघालं."

हे ऐकून काका इतके हबकले की टेबलापाशी परतले ते रेडिओवरचं गाणं ऐकत उभेच राहिले, आणि हातातली इस्त्री एका पांढऱ्या शर्टावर तशीच राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून कपडा जळला. शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा पिवळाजर्द डाग. काका शर्ट घेऊन बाबांपुढे गेले, डोळे मिटून उभे राहिले.

"असू दे," बाबा म्हणाले. "माणूस आहे, चुकणारच."

काका तडक जिना चढून आईकडे गेले. मीही मागोमाग गेले. काका रडत होते.

"वहिनी, मालक मला कामावरून काढणार बहुतेक."

"का हो? काय बोलले?"

"काहीच नाही बोलले! सव्वीस वर्षं मी त्यांचा आवाज ऐकून काम करतोय. आवाज चढला की समजायचं, घडी चुकली. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक. आता शर्ट जाळला तरी आवाज नाही. मला कळणार कसं मी बरोबर करतोय की चूक?"

आई केशरी भिंतीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मलाही करमत नाही हो. काल मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. हे गुपचूप खाऊन उठले. वर 'छान झाली होती' म्हणाले. अठ्ठावीस वर्षं ज्याच्याशी भांडले तो माणूस दवाखान्यातच राहिला बघा."

दीड महिन्यानंतरच्या तपासणीला आम्ही सगळेच गेलो. बाबा, आई, मामा, मी, आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवून इस्त्रीकाका. डॉक्टरीणबाई ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी बाबांचं पोट दाबून बघितलं, "उत्तम," म्हणाल्या आणि वजनाचा आकडा बघून भुवया उंचावल्या. "नऊ किलो कमी? का?"

कुणी उत्तर द्यायच्या आत आई पुढे झाली. "डॉक्टर, ती पिशवी परत बसवता येईल का हो?"

"कुठली पिशवी?"

"पित्ताची. खडे काढून धुऊन घेतली तर? आम्ही लाँड्रीवाले आहोत, धुवायचं आमच्याकडे लागलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग सगळ्यांनी एकदम बोलून त्यांना सगळं सांगितलं. पित्त गेलं, राग गेला, दुधी, टेबलक्लॉथ, शर्ट. बाबा मान खाली घालून बसले होते.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "पित्त गेलं असं कोण म्हणालं? पित्त त्या पिशवीत तयार होतच नाही. ते यकृतात तयार होतं. रोज अर्धा ते पाऊण लिटर, आजही होतंय. पिशवी म्हणजे नुसतं कोठार. त्यात थोडंसं पित्त साठून दाट व्हायचं आणि तेलकट खाल्लं की पिशवी आवळून ते आतड्यात सोडायची. आता कोठार नाही, म्हणून ते थेंब थेंब थेट आतड्यात जातं. इतकाच काय तो फरक."

बाबांनी मान वर केली. "पाऊण लिटर? रोज? आणि ते करतं काय?"

"चरबी आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, बरोबर? लोण्याचा गोळा आतड्यात तसाच तरंगत राहिला तर पाचकरसाला तो आतून पोखरता येत नाही. पित्तातले क्षार एका बाजूने चरबीला धरतात, दुसऱ्या बाजूने पाण्याला. त्यामुळे गोळ्याचे बारीक बारीक थेंब होतात. मग पुढचं काम स्वादुपिंडाचा रस करतो."

बाबा खुर्चीत ताठ बसले. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "एक तोंड तेलाकडे, एक पाण्याकडे. अहो, हा तर साबण!"

"अगदी साबणच. पूर्वी गुरांच्या पित्तापासून डागांचा साबण बनवायचे, माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणजे काय? माझ्या उस्तादांकडे होत्या त्या वड्या, तपकिरी. तेलाच्या डागावर त्यासारखं दुसरं काही नाही!" बाबा खुर्ची पुढे ओढून बसले. "आणि काम झाल्यावर? वाहून जातं सगळं?"

"थोडं जातं. विष्ठेला रंग येतो तो त्याच्यातूनच. पण बरेचसे क्षार आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषले जातात आणि यकृताकडे जातात. पुन्हा वापरायला."

"ड्रायक्लीनिंगच्या मशीनसारखं! त्यातही तेच द्रावण गाळून फिरून फिरून वापरतो आम्ही." बाबांनी आमच्याकडे वळून बघितलं, जणू हा शोध त्यांच्याच घराण्यातला होता.

मामा खाकरला. "ते ठीक आहे, पण डॉक्टर, छातीत जळजळायचं, पित्त वर यायचं, ते?"

"ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. त्याला सगळे पित्त म्हणतात, पण ही गोष्ट वेगळी."

"आणि राग?"

"राग यकृतातही तयार होत नाही आणि पिशवीतही साठत नाही. तो कुठून येतो ते माझ्या खात्यात नाही." मग त्या बाबांकडे वळल्या. "पण तुम्ही उकडलेला दुधी का खाताय? तेलकट फक्त दोन आठवडे कमी करायचं होतं. मग एका वेळी थोडं थोडं खात हळूहळू सगळं सुरू. कागदावर स्पष्ट लिहिलंय. कागद वाचला नाही का कुणी?"

सगळे मामाकडे बघू लागले. मामाने खिसे चाचपले. शर्टाच्या खिशातून चष्मा निघाला आणि त्या चष्म्याला गुंडाळलेला कागद. त्याने तो एकदाच, चष्मा न लावता वाचला होता.

बाबांनी कागद हातात घेतला. उजेडात धरला. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. इस्त्रीकाकांनी माझा हात घट्ट धरला.

"दोन आठवडे!" बाबांचा आवाज फुटला, तसे बाहेरच्या खुर्च्यांवरचे पेशंट उठून उभे राहिले. "दोन आठवडे लिहिलंय इथे, आणि मी दीड महिना दुधी खातोय? माझ्या पोटात रोज पाऊण लिटर साबण तयार होतोय आणि धुवायला काही नाही? खोकी बंद करणारा माणूस तू, तुला कागद वाचायला कुणी सांगितला? आणि माझ्या खुर्चीत बसून! आणि केशरी? स्वयंपाकघराला केशरी रंग? आणि काका, तो शर्ट! इस्त्री हातात असताना गाणी ऐकता?"

"हो मालक! चुकलं मालक!" काका आनंदाने रडायला लागले. आई पदराआड हसत होती. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे पुढच्या पेशंटची फाइल उघडली.

घरी येईपर्यंत बाबा बोलत होते. दुकान उघडल्याबरोबर त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला फोन केला आणि टेबलक्लॉथ उकळणं म्हणजे काय असतं ते त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. पण काम परत केलं नाही. "घेतलंय म्हटल्यावर करायचं," म्हणाले. साठ टेबलक्लॉथ एकदम मशीनमध्ये न घालता रोज पाच-पाच भिजवले, प्रत्येक डागावर हाताने साबण लावला, चरबी सैल होईपर्यंत थांबले, मग कोमट पाणी. उस्तादांच्या वडीचा उरलेला तुकडाही कपाटातून शोधून काढला आणि सगळ्यात हट्टी डागांवर झिजवला. बारा दिवसांत अठ्ठावन्न स्वच्छ झाले. दोन राहिले. त्या दोहोंवर बाबा अजून चिडतात.

रेडिओ मात्र राहिला. इस्त्री खाली ठेवूनच ऐकायचा, या अटीवर. मामा तीन दिवस रुसून आपल्या घरी गेला आणि चौथ्या दिवशी आला तो खुर्ची सोडून स्टुलावर बसला.

तपासणीच्या त्याच संध्याकाळी आईने दोन अंडी लोण्यात तळून बाबांपुढे ठेवली. आई, इस्त्रीकाका आणि मी भोवती बसलो आणि बाबांच्या पोटाकडे बघत राहिलो. बाबांनी ताटली बोटाने पुसून खाल्ली. दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला.

"काही होतंय का?" आईने भीत भीत विचारलं.

"होतंय. भूक लागतेय. अजून दोन कर."

"मुळीच नाही. डॉक्टरांनी थोडं थोडं सांगितलंय."

"मग थोडी कर! दोन म्हणजे थोडीच!"

त्यावरून जे भांडण झालं ते जेवणं आटोपेपर्यंत चाललं. आई एकटी त्यांना पुरून उरली. नंतर भांडी घासताना ती काहीतरी गुणगुणत होती.

परवा दुकानात निवांत वेळ होता तेव्हा मी बाबांना विचारलं, "त्या दीड महिन्यात खरंच एकदाही राग आला नाही तुम्हाला?"

बाबा कुणाच्या तरी कोटाची बाही उलटी करून बघत होते.

"रोज यायचा," ते मग हळूच म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ यायचा. पण मला वाटायचं, पिशवी नाही, पोटात सांडला तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. म्हणून मागे जाऊन हॉटेलच्या रुमालांच्या घड्या घालत बसायचो."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्या महिन्यात मॅनेजरने फोन करून विचारलं होतं की रुमाल कोणत्या मशीनवर घडी करता, कारण असे सुबक रुमाल त्याने जन्मात पाहिले नव्हते.